मधली पट्टी

तिने डावं कोपर हूडच्या, त्या निर्जंतुक कपाटाच्या, काचेला टेकवलं, श्वास रोखला आणि पिपेटमधला गुलाबी द्रव प्लेटच्या कडेकडेने सोडला. मग प्लेट उचलून एकदा पुढे, एकदा मागे, एकदा डावी-उजवीकडे कलती केली. असं केलं की तळाला चिकटलेल्या पेशींवर विषाणू सगळीकडे सारखा पसरतो. गोल गोल फिरवली की तो मधोमध गोळा होतो. हे तिने आजवर हाताखालून गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितलं होतं, आणि प्रत्येकाने पहिल्या दिवशी प्लेट न चुकता गोल गोलच फिरवली होती.

शेवटची प्लेट झाली तसा तिने ट्रे उचलला, इन्क्युबेटरच्या उबेत सरकवला आणि टायमर लावला. निवृत्तीला काही महिने उरलेले असताना प्रयोगशाळेच्या प्रमुखबाईने स्वतः हातमोजे चढवून बसावं, हे बघणाऱ्याला जरा चमत्कारिकच वाटलं असतं. गेली कित्येक वर्षं तिचे दिवस समित्यांमध्ये आणि दुसऱ्यांचे अहवाल तपासण्यात जात होते. शेजारच्या खोलीतले प्राध्यापक तर हल्ली येता-जाता तिच्या कपाटांकडे असे बघत, की मनातल्या मनात मापं घेत असावेत. पण हा प्रयोग दुसऱ्या कुणावर सोपवण्यासारखा नव्हता. तो जमला नाही तर ज्या शोधावर तिचं नाव उभं होतं, तो तिला स्वतःच्या हाताने मागे घ्यावा लागणार होता.

तिचं सगळं आयुष्य एका विषाणूच्या मागे गेलं होतं. उंदरांचा रेट्रोव्हायरस, माणसाला काही करत नाही. बाकीची सजीव सृष्टी डीएनएवरून आरएनए बनवते, हे विषाणू मात्र उलटे चालतात. पेशीत शिरले की आपल्या आरएनएवरून डीएनएची प्रत काढतात आणि ती प्रत पेशीच्या स्वतःच्या डीएनएत बेमालूम शिवून टाकतात. मग पेशी बिचारी ती आपलीच समजून सांभाळते आणि जन्मभर नवे विषाणू तयार करत बसते. तिच्या आईने एकदा हे सगळं नीट ऐकून घेतलं होतं आणि त्याचं नाव ‘उलटा किडा’ असं ठेवून दिलं होतं.

हा उलटा किडा प्रत काढता काढता एका ठरावीक जागी थबकतो, हे तिने तरुणपणी दाखवून दिलं. थोडाच वेळ थबकतो, मग पुढे जातो. डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर खाली अर्धवट तुकड्यांची पट्टी दिसते, वर पुऱ्या प्रतीची, आणि काही वेळापुरती त्या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी पट्टी उमटते आणि विरून जाते. ती मधली पट्टी तिची. जिथे तो आपणहून थबकतो तिथे त्याला कायमचं अडवता येईल का, या आशेवर पुढे जगभरातल्या कितीतरी जणांनी औषधं शोधायला घेतली. पाठ्यपुस्तकात तिच्या नावाची एक ओळ आली. त्या ओळीचं तिच्या आईला भारी कौतुक, आणि ते पान उघडून दाखवताना ती नेमकी शेजारच्या ओळीवर बोट ठेवी.

पट्टीचं एक वैशिष्ट्य मात्र पहिल्यापासून होतं. दुसऱ्या कुणी प्रयोग केला तर ती फिकट यायची, कित्येकदा यायचीच नाही. बाईंनी केला की ठसठशीत. प्रयोगशाळेत त्याला ‘बाईंचा हात’ म्हणत. कुणाचा प्रयोग फसला की, “जा, बाईंचा हात लावून आण,” अशी थट्टा चाले. ती त्याकडे कानाडोळा करी, पण मनातून तिला ते आवडे, आणि यात लपवण्यासारखं काही नाही.

हे सगळं सुरू झालं ते जिराफाच्या फोनमुळे. जिराफ तिचा फार जुना विद्यार्थी. उंची इतकी की हूडसमोर बसताना गुडघे कुठे ठेवावेत हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्याकडे असताना मधली पट्टी आणायला त्याने जिवाचं रान केलं होतं. ती काही आली नाही. “तुझा हात अजून बसलेला नाही,” असं तिने दोन-तीनदा सांगितलं, आणि मग त्याने गपचूप विषय बदलला. आता तो परदेशात स्वतःची मोठी प्रयोगशाळा चालवत होता आणि केस पांढरे झाले तरी तिच्याशी बोलताना खुर्चीतून उठून उभा राहात असावा, असं त्याच्या आवाजावरून वाटे.

“बाई, रागावणार नसाल तर एक बोलू?”

“असं विचारतोयस म्हणजे रागावण्यासारखंच असणार. बोल.”

“मधली पट्टी आमच्याकडे येत नाही. तिघांनी वेगवेगळी करून बघितली. विषाणू तुमचाच, पेशी तुमच्याच.”

“तिघांचेही हात कच्चे असतील.”

“आता तसं म्हणून नाही हो चालत. हातावर कोण विश्वास ठेवणार?” तो जरा घुटमळला. “आम्हाला आमचं छापावं लागेल, बाई. पण त्याआधी तुम्ही एकदा स्वतः करून बघा. तुम्हाला आली तर मी थांबतो. आणि तुम्हालाही नाही आली, तर...”

“तर मी मागे घेईन,” ती म्हणाली. “तुझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा मीच म्हणते.”

पहिल्यांदा केला तेव्हा पट्टी आली नाही. तिने दोष पेशींच्या खुराकावर ढकलला आणि नवी बाटली मागवली. आज हा दुसरा प्रयत्न होता. ठरल्या ठरल्या वेळी तिने एकेक प्लेट बाहेर काढली, पेशी फोडल्या, डीएनए वेगळा केला. पुढच्या दिवशी जेल चालवलं, आणि त्यानंतर त्याची छाप घेतलेली फिल्म धुवून खिडकीशी नेऊन उजेडात धरली.

खाली पट्टी होती, वरही होती. मध्ये कोरं.

तिने फिल्म उलटी करून बघितली, जणू मागून बघितलं तर दिसणार होती. मग खुर्ची ओढून बसली. तिला लाज वगैरे नंतर वाटली. आधी वाटली ती निव्वळ भीती. जुन्या फिल्मा अजून तिच्या खणात होत्या आणि त्यांवर पट्टी काळीभोर होती, म्हणजे डोळ्यांना भास झाला नव्हता. मग ते होतं काय? कुठल्या तरी बाटलीतली घाण? पेशींमध्ये शिरलेला दुसराच कुठला विषाणू? अशा चुका या धंद्यात होतात. चांगल्या चांगल्यांच्या होतात. माणूस वर्षानुवर्षं घाणीला शोध समजून कुरवाळत बसतो, आणि एक दिवस कुणीतरी येऊन खिडकी उघडतं. दुसऱ्यांच्या बाबतीत असं घडलं तेव्हा तिने समित्यांमध्ये बसून मोठ्या समजूतदारपणे मान हलवली होती.

तिने तिसऱ्यांदा पेशी वाढवायला घातल्या. गोठवून ठेवलेल्या जुन्या विषाणूची आता एकच कुपी उरली होती. यावेळी नाही आली तर पत्र लिहायचं, असं तिने ठरवून टाकलं आणि ठरवल्यावर तिला जेवण जरा बरं गेलं.

पेशी वाढवायची खोली अगदी लहान. एक हूड, एक इन्क्युबेटर, एक फिरती खुर्ची. एसी असा गारठवणारा की भर उन्हाळ्यातही तिथे स्वेटर घालून बसावं लागे. त्याचं काही करा म्हणून कळवून कळवून तिने शेवटी नाद सोडला होता. दुपारी जेवण उरकून ती आत गेली, स्वेटरवरून एप्रन चढवला आणि कुपी वितळवून प्लेट्सवर विषाणू घातला. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. शेवटची प्लेट खाली ठेवत होती तेवढ्यात खिशातला मोबाइल थरथरला. दादा होता, तिचा थोरला भाऊ. दादा कामाच्या वेळी सहसा फोन करत नसे. एका हाताचा मोजा ओढून काढत तिने फोन कानाला लावला.

“काय रे, बरं आहे ना सगळं?”

“हो हो, बरं आहे. कामात आहेस का?”

“आहे. बोल.”

“काही विशेष नाही. आईच्या घरचा फोन बंद करायला टाकला. आज-उद्या बंद करतील. म्हटलं तुला सांगून ठेवावं, नाहीतर म्हणशील विचारलं नाही.”

आई जाऊन दोन वर्षं होत आली होती. घर रिकामंच होतं. दादाने महिन्या-दोन महिन्यांतून जाऊन खिडक्या उघडायच्या, एवढाच त्याचा व्यवहार उरला होता.

“उचलायला कोण आहे तिथे आता?” दादा म्हणाला. आपण काही गुन्हा केला नाही, अशा सुरात.

“नाही रे, बरोबर आहे. करून टाक बंद.”

एरवी तिने इथेच ‘ठेवते’ म्हटलं असतं. पण आईचा नंबर तिच्या डोक्यात घोळायला लागला आणि तोंडातून ‘ठेवते’ निघेना. दादालाही बहुधा तेच झालं असावं, कारण तो उगाचच इकडचं तिकडचं सांगत राहिला. सूनबाईची बदली. नातवाचा दात. मग म्हणाला, “फोनजवळची खुर्ची मी इकडे आणली. तिचा उजवा हात बघ कसा गुळगुळीत झालाय. जेवण झालं की आई तिथे जाऊन बसायची, घड्याळावर डोळा ठेवून. म्हणायची, तिचं काम सुरू व्हायच्या आत बोलून घेते, नंतर ती मला भेटायची नाही.”

“हो. वेळ चुकवायची नाही.”

“मी एकदा विचारलं, रोज रोज काय बोलता गं तुम्ही? तर म्हणाली, रोज तेच.”

दोघंही हसले. मग दादाने नाक ओढलं आणि सर्दी झाल्याचं सांगितलं. तिने त्याला वाफ घ्यायला सांगितली. फोन ठेवून तिने डोळे एप्रनच्या बाहीला पुसले, जे त्या खोलीत कुणी करताना तिला दिसलं असतं तर तिने त्याला फैलावर घेतलं असतं. नवा मोजा चढवला, आणि तेव्हा तिचं लक्ष समोर गेलं.

प्लेट्स हूडमध्येच होत्या. विषाणू घालून झालेला, आणि सगळ्या तशाच गारठ्यात पडलेल्या.

“झाला सत्यानाश,” ती मोठ्याने म्हणाली.

शेवटची कुपी होती. फेकून द्यायचं म्हटलं तरी दुसरं काही हातात नव्हतं. स्वतःवर चरफडतच तिने ट्रे इन्क्युबेटरमध्ये सरकवला, टायमर लावला आणि पुढचं सगळं यथासांग केलं. मन लागत नसताना पूजा उरकावी तसं. शोध मागे घेण्याच्या पत्राचा मजकूर तिने त्या दोन दिवसांत मनात रचूनही ठेवला. त्यात दुसऱ्या कुणाचं नाव येणार नाही, एवढी काळजी घ्यायची होती.

फिल्म तिने अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली धुवायला टाकली. नेहमीप्रमाणे आधी वरची पट्टी दिसू लागली, मग खालची. चिमट्याने फिल्म हलवत ती पत्रातलं दुसरं वाक्य बदलावं का याचा विचार करत होती. आणि मधल्या जागेत एक राखाडी रेघ उमटली. बघता बघता ती काळी झाली. ठसठशीत, सरळ, कडा धारदार. खणातल्या जुन्या फिल्मांवर होती तशीच.

तिने फिल्म आधी नीट धुतली, वाळत लावली, दिवा लावला आणि मग जमिनीवर बसली. जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते तिला त्या थंडगार फरशीवर कळलं.

पण आनंद पुरता उपभोगावा असा तिचा स्वभाव नव्हता आणि धंदाही नव्हता. दोनदा आली नाही, तिसऱ्यांदा आली. मग तिसऱ्यांदा वेगळं काय झालं? पेशी त्याच, खुराक तोच, विषाणू तोच. वेगळी फक्त तिची ती घोडचूक. प्लेट्स उबेत जायच्या आधी गारठ्यात पडून राहिल्या, दादाशी बोलणं चाललं होतं तेवढा वेळ.

ती उठून पेशींच्या खोलीत गेली. हूडच्या उजव्या अंगाला भिंतीवर, बसल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, रंगाचा एक उजळ चौकोन होता आणि त्यात दोन भोकं. भिंतीवरचा जुना फोन तिथे असायचा. मोबाइल आल्यावर तो निघाला, आणि भोकं बुजवायला कुणाला सवड झाली नाही. त्या चौकोनाकडे बघता बघता तिचा हात आपोआप कानाशी गेला.

आईचा फोन दुपारी यायचा. रोज, तिचं जेवण झाल्यावर, झोपायच्या आधी. पुढे मोबाइलवर येऊ लागला, पण वेळ तीच. एकदा प्लेट्स उबेत गेल्या आणि टायमर लागला की क्षणाचीही फुरसत नसायची; म्हणून ती आधी विषाणू घालून तयारी करून ठेवी, आईचा फोन उरके, आणि फोन ठेवल्यावर मगच प्लेट्स आत जात. रोज. हे तिने कधी कुठे लिहिलं नव्हतं. लिहायचं काय? ती काही प्रयोगाची पायरी नव्हती, तो प्रयोगातला व्यत्यय होता. कागदावर सगळीकडे एकच वाक्य होतं: विषाणू घालून पेशी उबेत ठेवल्या.

त्या गारठ्यात विषाणू पेशीला नुसता चिकटून बसतो. आत शिरायला त्याला ऊब लागते. थेट उबेत टाकलं तर जो आधी चिकटला तो आधी शिरतो, कुणी मागून, कुणी त्याच्याही मागून, आणि सगळे एका वेळी एका ठिकाणी कधीच सापडत नाहीत. पण थोडा वेळ सगळ्यांना दारात अडकवून ठेवलं आणि मग ऊब दिली, की सगळे एकदम आत जातात, एकदम प्रत काढायला लागतात आणि त्या ठरावीक जागी एकदमच थबकतात. पट्टी खरी होती. विषाणू खरोखरच तिथे थांबत होता. फक्त तो दिसायला आईचा फोन यावा लागत होता.

ती फिरत्या खुर्चीवर बसली. तिला मोठ्याने हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ एकदम रडूही आलं, आणि तिने ते येऊ दिलं. कारण तिला त्या फोनवर बोलणारी ती स्वतः आठवली. रिसीव्हर कान आणि खांदा यांच्यात दाबलेला, डोळे प्लेट्सवर, आणि तोंडाने नुसतं ‘हं, हं’. फोन ठेवायच्या आधी आईचा एक प्रश्न ठरलेला असे: “तुझ्या कामाचा खोळंबा तर नाही ना केला मी?” आणि तिचं उत्तरही ठरलेलं: “केलास. रोजच करतेस. ठेव आता.” बहुतेक वेळा ती हे हसत म्हणे. काही वेळा हसायचं राहूनही जाई.

संध्याकाळी तिने जिराफाला फोन लावला. त्याच्याकडे सकाळ होती.

“आली,” ती म्हणाली.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “काय सांगता!”

“तुमच्याकडेही येईल. विषाणू घातल्यावर प्लेट्स लगेच उबेत ठेवू नका. गार खोलीत थांबवा. मी तेच करत होते, आणि मला माहीत नव्हतं.”

“माहीत नव्हतं म्हणजे?”

“आईचा फोन यायचा बघ दुपारी.”

मग तो खो खो हसत सुटला. “आईंचा फोन! अहो बाई, त्याची तर आम्ही चातकासारखी वाट बघायचो. फोन वाजला रे वाजला की आम्ही सगळे चहाला पळायचो. तेवढा वेळ तुम्ही कुणाला हाक मारायचा नाहीत.”

“म्हणूनच तुमच्यापैकी कुणी बघितलं नाही.”

“आणि मी माझे प्रयोग सकाळी करायचो. खोली रिकामी मिळते म्हणून.”

“हो.” तिने फोन दुसऱ्या कानाला घेतला. “ऐक. तुझ्या हातात काही खोट नव्हती. आणि माझ्या हातातही काही जादू नव्हती. हात-बित सगळं झूट.”

त्याचं हसू थांबलं. तो म्हणाला, “मी इतकी वर्षं माझ्या मुलांना तुमच्या हाताच्या गोष्टी सांगत आलोय, बाई.”

“आता आईच्या सांग.”

“सांगेन.” त्याने घसा साफ केला आणि त्याच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. “पण किती वेळ थांबवायच्या? आकडा लागेल.”

“आई बोलेल तेवढा.”

“असं छापतील का?”

“नाही छापायचे.”

“दादांशी किती वेळ बोललात ते मोबाइलवर असेल ना? तेच धरू.”

“तो त्या एका दिवसाचा वेळ झाला. माझ्या जुन्या शोधाच्या पेपरातल्या सगळ्या पट्ट्या आईच्या वेळातल्या आहेत, आणि दुरुस्ती त्या पेपराची करायचीय. मी उद्या सांगते तुला. मग तू अर्ध्या प्लेट्स तशा कर आणि अर्ध्या थेट उबेत टाक, म्हणजे कुणाला शंका नको.”

“पण आता तो वेळ कसा मोजणार तुम्ही?”

“उद्या सांगते म्हटलं ना,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती पेशींच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. निवृत्तीच्या तोंडावर बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला, अशी बातमी पसरायला एवढ्याशा इमारतीत कितीसा वेळ लागणार? स्वेटर चढवून ती खुर्चीवर बसली आणि खुर्ची भिंतीवरच्या चौकोनाकडे वळवली. टायमर मांडीवर घेतला. कोरा कागद आणि पेन हूडच्या कडेवर ठेवलं. हे मोजमाप होतं, आणि मोजमाप करताना आपण गडबड करत नाही, असं तिने स्वतःला बजावलं. मग बटण दाबलं आणि हात कानाशी नेला.

“हं, बोल आई.”

आईने जेवलीस का म्हणून विचारलं. तिने जेवले म्हणून सांगितलं. काय जेवलीस, आईने विचारलं, आणि तिने नेहमीची थाप मारली. आईने ती ओळखली आणि सोडून दिली. मग गुडघा आला. गुडघ्याला वेळ द्यावा लागे, कारण सकाळचा गुडघा वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा. “हं,” ती म्हणाली. “हं. दाखव ना मग डॉक्टरांना.” डॉक्टरला काही कळत नाही, हे आईने समजावून सांगितलं. लिफ्ट बंद होती. वरच्या मजल्यावरच्या बाईंचा कुत्रा पुन्हा जिन्यात बसला होता. दादा औषधं आणायला विसरला होता, पण त्याला बोलू नको, त्याच्या डोक्याला किती व्याप. आई पाणी प्यायला थांबली. फोन न ठेवता ती पेल्यापर्यंत हात लांबवायची, आणि पेला नेहमीच जरासा लांब असायचा. तेवढा वेळही तिने जाऊ दिला.

“तुझा उलटा किडा काय म्हणतो?”

“बरा आहे.”

“चावत नाही ना?”

“नाही गं आई. उंदरांचा आहे तो. कितीदा सांगितलं.”

“मग हातमोजे कशाला घालतेस?”

याचं उत्तर तिला कधीच नीट देता आलं नव्हतं. आजही तिने नुसतं “अगं” म्हणून सोडून दिलं. आईचं आवरत आलं होतं. ते तिला आवाजावरून कळायचं. आई जरा घाईने बोलायला लागायची, दुसऱ्याच्या घरी फार वेळ बसल्यावर आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं तशी. जप तब्येतीला. स्वेटर घाल त्या खोलीत. आणि मग तो प्रश्न.

“तुझ्या कामाचा खोळंबा तर नाही ना केला मी?”

उत्तर ठरलेलं होतं. मोजमाप बरोबर यायचं तर तेच द्यायला हवं होतं, त्याच शब्दांत, रोज द्यायची तेवढ्याच झटपट. तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. टायमर मांडीवर चालू होता. एसीचा घरघराट चालू होता. भिंतीवरची दोन भोकं तिच्या डोळ्यांसमोर धूसर झाली, मग पुन्हा नीट दिसू लागली.

“नाही गं आई,” ती म्हणाली. “अजिबात नाही.”

पलीकडून काही येणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तरी ती थोडं थांबली, आणि मग बटण दाबलं.

तिने कागदावर आकडा लिहिला आणि त्याखाली एक रेघ ओढली. शेवटच्या उत्तराला लागलेला वेळ त्यातून वजा करायला हवा होता, कारण तो मूळ प्रयोगात कधीच नव्हता. ती पेन हातात धरून जरा वेळ बसली. मग आकडा तसाच ठेवला, टोपण लावलं आणि कडी काढायला उठली.